जाहिरात नसलेल्या महिन्यांसाठी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

‘सर, ग्राउंडवर जावंसंच वाटत नाही’ असं लिहिलंस आणि त्याच मेसेजमध्ये खाली विचारलंस, ‘पोलीस भरतीची पुढची जाहिरात कधी निघेल?’ दोन वेगळे प्रश्न समजून लिहिलेस, पण माझ्या मते पहिल्याचं कारण दुसऱ्यात आहे. जाहिरात निघाली की तुमच्या गावातली झाडून सगळी पोरं पहाटे रस्त्यावर असतात. मैदानी चाचणी झाली, निवड यादी लागली, की त्याच रस्त्यावर पुन्हा फक्त दुधाची गाडी. तूही त्यातलीच. राग मानू नकोस.

जाहिरात कधी, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. ॲकॅडमीवाले सांगतात, पण त्यांना नवीन बॅच भरायची असते. मागचा इतिहासच बघ ना. 2019 च्या सप्टेंबरात जाहिरात आली, मध्ये करोना आला आणि त्या भरतीची लेखी परीक्षा 2021 मध्ये झाली. तेव्हा आधी लेखी होती. 2022 च्या जाहिरातीला क्रम फिरला आणि मैदानी आधी आली. नुसती पुस्तकं धरून बसलेल्यांची तेव्हा जी धावपळ झाली, ती मी बघितली आहे. मग 2024 च्या मार्चमध्ये 17,471 जागा निघाल्या आणि मैदानी सुरू झाली 19 जूनला, ऐन पावसाच्या तोंडावर. काही ठिकाणी ग्राउंडचा चिखल झाला म्हणून तारखा पुढे ढकलल्या. त्याच्या पुढचे अर्ज थेट 2025 च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झाले. असल्या तारखांच्या भरवशावर सकाळी उठायचं म्हटलं तर कुणालाही कंटाळाच येईल. तुझ्यात काही कमी आहे असं नाही.

आता तुझं टायमिंग घेऊ, मला खरं बोलायचंय ते त्यावर. मागच्या मैदानीत 800 मीटरला तुला 3 मिनिटं 12 सेकंद लागली. 20 पैकी 20 हवेत तर 2 मिनिटं 50 सेकंद किंवा त्याच्या आत यायला लागतं. तिथून पुढे सेकंद वाढतील तसे गुण गळत जातात. तुझ्या मैत्रिणीने काढलेला व्हिडिओ मी घड्याळ लावून दोनदा बघितला. पहिला 400 मीटरचा राऊंड तू 84 सेकंदांत मारलास आणि दुसऱ्याला 108 लागले. 2:50 साठी एका राऊंडला 85 पुरतात. म्हणजे पहिला राऊंड तू आत्ताच पूर्ण गुणांच्या वेगाने मारतेस! ‘माझ्यात स्पीडच नाही’ हे रडगाणं आजपासून बंद. कमी आहे तो दम, आणि तो दुसऱ्या राऊंडच्या पहिल्या वळणावरच संपतो.

दम जाहिरात निघाल्यावर येत नाही, ही खरी मेख आहे. वेग सहा-आठ आठवड्यांच्या जोरकस सरावात बराच सुधारतो. पण हृदयाने एका ठोक्यात जास्त रक्त ढकलणं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढणं, ही कामं महिनोन् महिने सावकाश पळल्याने होतात. हाडं आणि स्नायूबंध तर त्याहून हळू तयार होतात. म्हणून हॉल तिकीट आल्यावर जीव काढून पळणाऱ्यांच्या नडग्या धरतात आणि ऐन मैदानीच्या दिवशी त्या बँडेज गुंडाळून उभ्या असतात. तू ज्यांना रिकामे महिने म्हणतेस, तुझा दुसरा राऊंड तयार होईल तो त्यांतच.

मग करायचं काय? आठवड्यातून तीन दिवस अर्धा ते पाऊण तास संथ पळ. संथ म्हणजे शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे इतकं संथ. पहिले पंधरा दिवस लाज वाटेल, सायकलवरून शाळेत जाणारी पोरंही पुढे निघून जातील. जाऊ दे. चौथ्या दिवशी 200 मीटरचे सहा तुकडे, प्रत्येक साधारण 42-43 सेकंदांत, आणि मध्ये तेवढंच अंतर चालत परत. पाचव्या दिवशी 100 मीटरचे स्टार्ट आणि गोळाफेक. उरलेले दोन दिवस सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सुट्टीच. शेतात खुरपायला गेलीस तर तो सुट्टीचा दिवस धरू नकोस. तुमच्याकडे हे कुणी मोजत नाही, पण शरीर मोजतं.

800 चं टायमिंग महिन्यातून एकदाच घ्यायचं. तू दर दोन दिवसांनी घेतेस, आणि माझ्या मते तुझं मन उडालं आहे ते मुख्यतः त्यामुळेच. ऊन, अपुरी झोप, पाळी, आदल्या दिवशीचं काम, एवढ्यानेच तीन-चार सेकंद इकडेतिकडे होतात. आठवड्याभरात खरी सुधारणा होते ती एखाद्या सेकंदाची. ती त्या तीन-चार सेकंदांच्या चढउतारात दिसणार कशी? रोज मडकं फोडून दही लागलं का बघणाऱ्यासारखं चाललंय तुझं. महिनाअखेरीला एकाच ग्राउंडवर, एकाच वेळेला पळ आणि दोन्ही राऊंडचे सेकंद वेगवेगळे लिही. मला एकूण आकड्यापेक्षा त्या दोघांतला फरक बघायचाय. आज तो 24 आहे. तो 15 वर आला की मला फोन कर, पेढे मी आणतो.

अविनाश साबळेचं नाव तू घेतेस, स्टेटसला फोटो ठेवतेस, म्हणून त्याचे आकडे सांगतो. बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा सैन्यात गेल्यावर पळायला लागला. 2018 मध्ये त्याने 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, 8 मिनिटं 29.80 सेकंदांत मारली आणि गोपाल सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. तिथून 2024 च्या जुलैमध्ये पॅरिसच्या डायमंड लीगला तो 8 मिनिटं 9.91 सेकंदांवर आला. जवळपास सहा वर्षं आणि वीस सेकंद. मधल्या काळात स्वतःचाच विक्रम त्याने पुन्हा पुन्हा मोडला, कधी कधी इतक्या थोडक्याने की पेपरात दोन ओळींची बातमी आली असेल. तुला 22 सेकंद कमी करायचे आहेत आणि तू नवखी आहेस, तुझे पहिले बारा-पंधरा लवकर जातील. शेवटचे पाच मात्र तुला रडवतील. ते आत्ताच माहीत असलेलं बरं, म्हणजे तेव्हा ‘आता माझी प्रगती थांबली’ असा मेसेज येणार नाही.

आता ‘जावंसं वाटत नाही’ त्याबद्दल. हे दोन प्रकारचं असतं, आणि अंथरुणात पडल्या पडल्या ओळखता येतं. सकाळी उठायच्या आधी मनगटावर बोट ठेवून मिनिटभर नाडी मोज. आठवडाभर मोजलीस की तुझा नेहमीचा आकडा कळेल. एखाद्या दिवशी तो आठ-दहाने वाढलेला दिसला तर शरीर थकलंय किंवा ताप येऊ घातलाय. त्या दिवशी झोप, मी स्वतः सांगतोय. नाडी नेहमीसारखी असेल तर तो नुसता आळस. मग बूट घालून कॅनॉलपर्यंत चालत जा. दहा मिनिटांत पळावंसं वाटलं नाही तर परत ये आणि अंकगणिताची वीस उदाहरणं सोडव. सायरन वाजतोय, वर्दीतली मुलगी आईला सॅल्यूट ठोकतेय, असल्या रील्स बघून अंगावर काटा येतो हे मला ठाऊक आहे, माझ्याही येतो. पण त्याचा जोर आंघोळीपर्यंतसुद्धा टिकत नाही. रात्री त्या रील्स बघत बसतेस म्हणून सकाळी उठवत नाही, हे तर तू मला सांगितलेलंच नाहीस. तुझ्या आईने सांगितलं.

लेखीचं थोडक्यात. मैदानी 50 गुणांची, लेखी 100 ची, मेरिट दोन्हींच्या बेरजेवर. तरी तुम्ही मुली सगळा जीव मैदानावर काढता आणि लेखीला ‘बघू नंतर’ म्हणता. मराठी व्याकरण आणि बुद्धिमत्ता चाचणी हे दोन विषय जाहिरातीची वाट बघत नाहीत, ते आत्ताच संपव. चालू घडामोडी शेवटी केल्या तरी चालतात, त्या तशाही शिळ्या होतात.

तब्येतीचं मात्र सविस्तर लिहितो, कारण याकडे कुणी बघत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे. 12 च्या खाली असेल तर कितीही पळ, दुसऱ्या राऊंडला पाय शिसं होणारच. तिथे जिद्दीचा संबंध नाही, रक्तात प्राणवायू वाहून न्यायला पुरेसं काही नाही. आपल्याकडे किती तरी मुली हे अंगावर काढतात आणि स्वतःला आळशी म्हणवून घेतात. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, जेवणावर लिंबू पिळायचं. डांबरी रस्ता सोडून कॅनॉलच्या कडेच्या मातीवर पळ. नडगीवर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर कळ आली तर पळणं थांबवून थेट डॉक्टरकडे जा, तेल चोळत बसू नकोस. आणि मैदानीच्या आदल्या दिवशी कुणी ‘ताकदीचं इंजेक्शन’ देऊ केलं तर तिथून निघून यायचं, मग तो कुणाचाही भाऊ असो. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत 5 किलोमीटर पळताना पोरांचे जीव गेले, त्यानंतर अंतरं कमी झाली. उन्हात, रिकाम्या पोटी, तयारी नसताना जिद्दीने पळणं मला कौतुकाचं वाटत नाही.

पहाटे अंधारात एकटी जाऊ नकोस. रस्त्याने जावंच लागलं तर उजव्या कडेने जा, म्हणजे गाडी समोरून येताना दिसते. कानात काही घालायचं नाही.

घरच्यांचं तू लिहिलं नाहीस, पण स्थळं बघणं चालू झालंय ते माझ्या कानावर आहे. वडिलांना ‘मला अजून वेळ द्या’ असं म्हणू नकोस, त्या वाक्याला शेवट नसतो आणि बापाला शेवट हवा असतो. ‘अजून दोन भरत्या’ असं सांग. वयोमर्यादा खुल्या गटाला 28 आणि मागासवर्गीयांना 33 आहे, तेव्हा घाई तुझ्या वयाची नाही, हेही सांग. बारावीवर थांबू नकोस. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए.चा फॉर्म भर, म्हणजे भरती झाली नाही तरी हातात पदवी असेल. हीच तयारी दुसरीकडेही चालते. एसएससी जीडीला, म्हणजे केंद्राच्या सशस्त्र पोलीस दलांतल्या शिपाई भरतीला, मुलींना 1600 मीटर साडेआठ मिनिटांत पळायचं असतं, आणि संथ पळण्याची सवय झालेल्या मुलीला ते जड नाही. वनरक्षकाला 3 किलोमीटर असतात. पोलीसच व्हायचंय हे ठीक आहे, मलाही तुला त्याच वर्दीत बघायचंय, पण फॉर्म सगळे भर. वडिलांना समजावायला मी येऊ का, ते मात्र तू ठरव. मी न विचारता येणार नाही.

महिनाअखेरच्या रविवारी तालुक्याच्या ग्राउंडवर सकाळी सहाला ट्रायल ठेवतोय. एक वही आण. मोबाईलमधलं लिहिलेलं मी बघत नाही. सोबत एक मैत्रीण आण, येताना केळी खाऊन ये. गोळा मी आणतो. मुलींचा गोळा 4 किलोचा असतो, आणि तुमच्या गावच्या तालमीतला, ज्याच्यावर तू गेले कित्येक महिने ‘साडेचार मीटरच जातोय’ म्हणून रडतेस, तो 5 किलोचा आहे.

तुझे,
सर