काचेत ठेवलेली बाळं मोठी होतात तेव्हा

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची, सहावीत. तिसाव्या आठवड्यात जन्मली, वजन १,२५० ग्रॅम, सव्वा महिना काचेत होती. आता तब्येत चांगली. पण सकाळी रिक्षा यायच्या वेळेला पोटात दुखतं, मैत्रिणी नाहीत, शाब्दिक गणितं जमत नाहीत. बाई म्हणतात, ‘शांत आहे, त्रास नाही.’ याचा जन्माशी संबंध असेल का? पुढे मनाचा आजार होईल का?
– एक आई, कराड

उत्तर : संबंध असू शकतो. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं मूल कमी दिवसांचं. ३२च्या आत असेल तर जोखीम वाढते, कारण मेंदूची जोडणी शेवटच्या तीन महिन्यांत झपाट्याने होते. अशा मुलांमध्ये तीन गोष्टी बऱ्याचदा एकत्र दिसतात : लक्ष न टिकणं, चिंता आणि मिसळायला जड जाणं. दंगा मात्र नसतो. म्हणून शाळेची तक्रार येत नाही आणि वर्षं निघून जातात.

स्वीडनमध्ये १९७३ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्यांना मोठेपणी नैराश्यासाठी दाखल करावं लागण्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. आकडा घाबरवतो खरा, पण मुळात दाखल होणारेच थोडे. बहुतेकांवर ती वेळ आली नाही.

आता शाब्दिक गणित घ्या : ‘डझनभर केळी ६० रुपयांना, तर ७ केळ्यांचे किती?’ पाढे येतात, पण १२ने भागेपर्यंत ७ केळी डोक्यातून निसटतात. हा आळस नव्हे, आकडे मनात धरून ठेवण्याची क्षमता कमी पडते. प्रत्येक पायरी कच्च्या कागदावर लिहायला लावा. घरातही एका वेळी एकच काम सांगा. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. कमी दिवसांच्या मुलांत दोन्हींत दोष राहू शकतो.

पोटदुखीची दोन आठवडे नोंद ठेवा : वार, वेळ, त्या दिवशी शाळेत काय होतं. रविवारी दुखत नसेल तर चिंतेचा संशय धरा. दुखणं खरंच असतं, ‘नाटकं करते’ म्हणू नका. पण घरीही ठेवू नका. घरी राहिलं की पोटदुखी लगेच थांबते, आणि दुसऱ्या दिवशी जाणं आणखी अवघड होतं. बाईंशी बोलून आधी दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, असं वाढवत न्या.

ही नोंद आणि जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड घेऊन मानसोपचार ओपीडीत जा. कार्ड आवर्जून न्या, अकरा वर्षांच्या मुलीचे जन्माचे आठवडे सहसा कुणी विचारत नाही. झोप-जेवण दोन आठवडे बिघडलं, किंवा ‘जगायचं नाही’ असं बोलली, तर थांबू नका.

प्रश्न : बाळ ३४व्या आठवड्यात झालं, आता चार महिन्यांचं, मान नीट धरत नाही. बायको रात्री दहादा उठून श्वास बघते, रडते.
– एक वडील, तासगाव

उत्तर : पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे; बाळ सहा आठवडे आधी आलं, तेवढे वजा करा : हिशोबाने ते अडीच महिन्यांचंच आहे. दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं. हिशोबाने चार महिने झाल्यावरही मान सावरत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बाळाच्या आईकडे मात्र आधी बघा. दोन आठवड्यांहून जास्त रडू येत असेल तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, फुकट, कधीही बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच लावून तिच्या हातात द्या.