वाचकांचे प्रश्न : झाडीतून धावणारी एटीव्ही शर्यत

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतील एका मशीन शॉपमध्ये काम करतो. माझे वय २६ आहे. मोटारसायकल रोजच चालवतो, पण एटीव्ही (ओबडधोबड जमिनीवर चालणारी, हँडलची खुली चारचाकी) केवळ सहलीच्या ठिकाणी भाड्याने चालवली आहे. परदेशात झाडीतून होणाऱ्या एटीव्ही शर्यती पाहिल्यापासून या खेळात उतरण्याची तीव्र इच्छा आहे. चंदगड तालुक्यात मामांची काजूची बाग असून तिला लागूनच त्यांचे नीलगिरीचे रान आहे. यंत्र कोणते घ्यावे, सराव कसा करावा आणि स्पर्धेपर्यंत कसे पोहोचावे? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या खेळात यंत्रापेक्षाही दुर्मीळ असते ती हक्काची जागा, आणि ती तुमच्याकडे आहे. मामांकडून संमती मात्र लेखी घ्या. तो पट्टा सातबाऱ्यावर त्यांच्याच नावे आहे आणि वनखात्याच्या हद्दीत येत नाही, याची तलाठ्यांकडे खात्री करून घ्या. चंदगड-आजऱ्याच्या भागात खासगी रान कुठे संपते आणि वनजमीन कुठे सुरू होते, हे नुसत्या डोळ्यांना पुष्कळदा कळत नाही.

आता खेळाविषयी. अमेरिकेतील ‘ग्रँड नॅशनल क्रॉस कंट्री’ ही या प्रकारातील प्रमुख मालिका मानली जाते. वेस्ट व्हर्जिनियात १९७५ साली सुरू झालेल्या ‘ब्लॅकवॉटर १००’ या शर्यतीत तिची मुळे आहेत. तिथे एक फेरी साधारणतः १३ ते १९ किलोमीटरची असते, वरच्या गटाची एटीव्ही शर्यत सुमारे दोन तास चालते आणि वाटेत ओढे, चिखल, मुळे, दगड आणि दाट झाडी असे सारे काही येते. सुरुवात बंद इंजिनाने होते. रांगेतील सर्व स्पर्धक इंजिन बंद ठेवून थांबतात, इशारा मिळताच ते सुरू करतात आणि पुढच्या रांगा ठरावीक वेळेच्या अंतराने सोडल्या जातात. दोन तास हा अवधी लक्षात ठेवा, कारण तुमच्या तयारीचे सारे गणित त्यावरच बसवायचे आहे. पहिल्या दहा मिनिटांत ताकद उधळणाऱ्याची बोटे आणि मनगटे नंतर आखडतात, ब्रेकचा लीव्हर दाबणेही अवघड होऊन बसते आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

मोटारसायकलची सवय तुम्हाला तोल आणि नजर देईल. मात्र तिच्यातल्या दोन गोष्टी मोडून काढाव्या लागतील. पहिली गोष्ट पायाची. वळणावर पाय जमिनीला टेकवण्याची सवय एटीव्हीवर अत्यंत घातक आहे, कारण मागचे चाक थेट त्या पायावर चढते. म्हणूनच शर्यतीच्या एटीव्हीला पुढच्या व मागच्या चाकांमधल्या जागेत पाइपची चौकट आणि जाळी बसवतात, जिला नर्फ बार म्हणतात. ती नसलेल्या यंत्रावर सरावाला बसूच नका. दुसरी गोष्ट वळणाची. स्पोर्ट एटीव्हीचा मागचा ॲक्सल सलग असतो, त्याला डिफरेन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी रचना) नसते आणि त्यामुळे वळताना मागची दोन्ही चाके सारख्याच वेगाने फिरतात. यंत्र सरळच जाऊ पाहते. ते वळवण्यासाठी चालकाने शरीराचे वजन वळणाच्या आतल्या बाजूला न्यायचे, बाहेरच्या पायावर जोर द्यायचा आणि अंगठ्याने दाबायच्या थ्रॉटलने (ॲक्सिलरेटरने) मागची चाके किंचित घसरू द्यायची असतात. मोटारसायकल वळणात कलते, एटीव्ही कलत नाही. म्हणून कलणे हे चालकाचे काम आहे. हे अंगवळणी पडेपर्यंत झाडांमध्ये शिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोकळ्या पड रानात चार दगड किंवा जुने टायर मांडून इंग्रजी आठच्या आकाराचे फेरे मारा, आधी दुसऱ्या गियरमध्ये आणि मग हळूहळू वेग वाढवत. चढावर इंजिन बंद पडले तर यंत्र मागे उलटू न देता उतरायचे कसे, हेही इथेच शिकून घ्या.

यंत्र घेताना प्रथम हे समजून घ्या की भाड्याने मिळणाऱ्या आणि शेतीच्या कामाच्या एटीव्ही बहुधा युटिलिटी प्रकारच्या, जड आणि स्वयंचलित गियरच्या असतात. शर्यतीसाठी हलकी, मॅन्युअल गियरची स्पोर्ट एटीव्ही लागते. ४५० सीसीच्या गटातील यंत्राचे वजन सुमारे १८० किलो असते आणि त्याची ताकद नवख्याच्या आवाक्याबाहेरची असते; म्हणून २५० सीसीच्या आसपासचे जुने पण निगा राखलेले यंत्र मिळाले तर ते पसंत करावे. खरेदीपूर्वी चौकटीच्या जोडांवरील तडे, बॉल जॉइंट, टाय रॉड आणि मागच्या ॲक्सलचे बेअरिंग तपासा. तुमच्या हातात मशीन शॉपचे काम आहे आणि शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनच्या कारागिरांची वाण नाही, त्यामुळे नर्फ बार, पुढचा बंपर आणि यंत्राच्या तळाला दगडांपासून जपणारी स्किड प्लेट इथेच उत्तम तयार होऊ शकते. हा कोल्हापूरच्या माणसाचा मोठा लाभ आहे. झाडीतल्या यंत्राची रुंदी मोटोक्रॉसच्या (मोकळ्या मातीच्या ट्रॅकवरील शर्यतीच्या) यंत्रापेक्षा कमी, साधारण ४६ इंच ठेवतात, हे जोडकाम करताना ध्यानात असू द्या. टायरमधील हवा चार ते आठ पीएसआय इतकी कमी असते. पेट्रोल पंपावरचा गेज इतक्या खाली विश्वासार्ह नसतो. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. अशी एटीव्ही रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणीकृत नसते, म्हणून ती चंदगडला पिकअपमध्ये टाकूनच न्यावी लागेल.

मार्ग आखताना यंत्र घरी ठेवा आणि संपूर्ण रान पायी फिरा. काजूच्या फांद्या खाली, नेमक्या मानेच्या उंचीवर झुकलेल्या असतात. त्यामुळे मार्ग शक्यतो नीलगिरीतून न्या आणि बागेतला भाग केवळ छाटणी केलेल्या ओळींमधून ठेवा. काटेरी तारेचे कुंपण, ठिबकच्या नळ्या, पाचोळ्याखाली दडलेली तोडलेली खोडे आणि बिनकठड्याची विहीर हे खरे धोके आहेत. विहिरीपासून मार्ग दूर ठेवून मध्ये मजबूत अडथळा उभा करा. वळणावरच्या खोडांना चुना लावा, दिशा दाखवणाऱ्या फिती बांधा आणि मार्ग एकाच दिशेने चालेल असा ठेवा. काजूच्या हंगामात, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, बागेत बायामाणसे वेचणीला असतात. त्या काळात बागेतला सराव पूर्ण बंद ठेवा. उन्हाळ्यात वाळलेला पाला सायलेन्सरजवळ साठून पेट घेऊ शकतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर तो काढा आणि आग विझवण्याचे साधन सोबत ठेवा. भर पावसात तांबडी माती इतकी निसरडी होते की नवख्याने तेव्हा थांबलेलेच बरे. पाऊस ओसरल्यानंतरचे, ऑक्टोबर ते जानेवारीचे दिवस सर्वांत चांगले.

एकट्याने सराव कधीही करू नका. पूर्ण चेहरा झाकणारे ऑफ-रोड हेल्मेट, गॉगल, छाती-पाठीचे कवच, गुडघ्याची संरक्षक साधने, हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट, तसेच मनगटाला बांधायच्या दोरीचा, चालक पडताच इंजिन बंद करणारा किल स्विच हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. पैसे कमी पडले तर यंत्र स्वस्तातले घ्या. या वस्तूंमध्ये काटकसर करू नका. शरीराच्या तयारीसाठी आपल्या तालमींतले जोर, बैठका आणि दोरावर चढणे यांइतके उपयुक्त साधन क्वचितच सापडेल, कारण मांड्या, पाठ आणि पकड हीच या खेळात आधी थकतात.

स्पर्धेविषयी स्पष्ट सांगायचे तर झाडीतल्या एटीव्ही शर्यतींची नियमित मालिका आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. भारतातील मोटार स्पर्धांचे नियमन एफएमएससीआय ही संस्था करते. तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरण्यासाठी तिचा स्पर्धा परवाना लागतो. क्रॉस-कंट्री रॅलींमध्ये एटीव्हीचा गट असल्यास तो तुमच्यासाठी जवळचा मार्ग आहे. त्याआधी एखाद्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून काम करावे, असे मी आग्रहाने सांगेन. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ भरवले गेले आहे; ती चारचाकी ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा असली, तरी मार्ग कसा आखतात, अडकलेले वाहन कसे बाहेर काढतात आणि वैद्यकीय पथक कुठे उभे करतात, हे अशा ठिकाणी प्रत्यक्ष पाहायला मिळते. विमा पॉलिसीतील कलमे वाचा. शर्यतीत झालेली इजा अनेक पॉलिसींमध्ये वगळलेली असते.

प्रश्न : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. वाढदिवसाला त्याला एटीव्ही हवी आहे. त्याच्या काकांकडे मोठी एटीव्ही आहे आणि मागे बसून तो ती चालवायला शिकेल, असे ते म्हणतात. परवानगी द्यावी का? — एक माता, राजारामपुरी

उत्तर : काकांच्या एटीव्हीला परवानगी देऊ नये. ९० सीसीपेक्षा मोठी, प्रौढांसाठी बनवलेली एटीव्ही १६ वर्षांखालील मुलाने चालवू नये, हा अमेरिकेतील सुरक्षा संस्थांचा दीर्घकाळचा दंडक आहे. एकाच चालकासाठी बनवलेल्या यंत्रावर मागे बसणेही धोक्याचे, कारण वळणात चालकाला शरीर मोकळेपणाने हलवावे लागते आणि मागच्या वजनामुळे चढावर यंत्र उलटू शकते. या वाहनांचा इतिहासही सावध करणारा आहे : सुरुवातीच्या तीनचाकी एटीव्हींमुळे इतके अपघात झाले, की १९८८ साली झालेल्या समझोत्यानंतर अमेरिकेत त्यांची विक्री थांबली. मुलाची आवड खरी असेल, तर त्याच्या वयोगटासाठी बनवलेले, वेगमर्यादा लावता येणारे छोटे यंत्र, पूर्ण संरक्षक साधने आणि समोर उभा असलेला जाणता माणूस या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच होकार द्या.

प्रश्न : मसाई पठार किंवा दाजीपूरच्या जंगलवाटांवर सराव करता येईल का? — एक वाचक, पन्हाळा

उत्तर : नाही. दाजीपूरचे जंगल राधानगरी अभयारण्यात मोडते. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही समाविष्ट आहे, आणि तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे निर्बंध लागू आहेत. मसाई पठारावर जांभ्या दगडावरचा मातीचा थर अगदी पातळ आहे आणि पावसाळ्यानंतरची फुलझाडे त्याच थरावर जगतात. रुंद टायरच्या काही फेऱ्यांनी तो खरवडला गेला, तर ती फुले तिथे पुन्हा उगवायला फार वर्षे जातील. सरावासाठी खासगी पड जमीन किंवा बंद पडलेली दगडखाण मालकाच्या लेखी संमतीने घ्यावी, आणि जवळच्या वस्तीला आवाजाचा त्रास होणार नाही अशी वेळ गावकऱ्यांशी बोलून ठरवावी.