परवानगीची वाट बघत बसू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,

संशोधनासाठी तुरुंगात जायची परवानगी पुन्हा नाकारली म्हणून तू प्रबंधाचा विषयच बदलायला निघालीस? वाचून आधी वाईट वाटलं, मग चिडलो. आत पाऊल ठेवल्याशिवाय तुरुंग कळत नाही, हे तुला शिकवलं कोणी?

मी एकच विचारतो: जामिनाचा आदेश झाला, पुढे काय झालं? सत्र न्यायालयात जामिनाच्या टेबलापाशी बस. 15,000 रुपयांचा जातमुचलका, म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी, आणि तेवढ्याच रकमेचा जामीनदार, असा आदेश होतो. वकील आईला 'काम झालं' म्हणून सांगतो. कसलं झालंय? आता जामीनदाराचं रेशनकार्ड हवं, पगारपत्रक हवं, तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी दाखला, म्हणजे ऐपतीचा दाखला हवा. परप्रांतातून आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोराला जामीन राहणार कोण? जामीन मंजूर, पोरगा बराकीतच. शेवटी 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेला कळवावं. छान. किती अधीक्षकांनी कळवलं? प्राधिकरणाने काय केलं? टाक माहिती अधिकारात अर्ज. यावर प्रबंध होतो बाई, चांगला जाडजूड होतो.

प्रबंधातलं स्थलांतरितांच्या स्थानबद्धतेवरचं प्रकरण टाकून द्यायला जीव होत नाही ना? मग तिथेही हेच विचार. आसामात परदेशी ठरवून डांबलेल्यांना तीन वर्षांनंतर सोडा, असं 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पण एकेक लाखाचे दोन जामीनदार मागितले. 2020 मध्ये कोविड आल्यावर मुदत दोन वर्षांवर आली, रक्कम 5,000 वर. मधल्या काळात त्या लाखापायी कोण आत राहिलं? आसामातल्या गोआलपाड्याजवळच्या मटियाच्या स्थानबद्धता तळाचे फोटो सगळे छापतात. हा हिशेब कुणी मांडायचा?

माझे सहकारी परिषदांना देशोदेशी फिरले, मी कोर्टाच्या बाकावर. बढती उशिरा मिळाली, ते खुपतंच. याला सिद्धांत जमत नाही, अशी विभागात कुजबुज असायची. जमत होता, वेळ नव्हता. असो.

सोमवारी जा, डबा ने. त्या टेबलापाशी गर्दी दुपारनंतर होते. शिरस्तेदाराशी, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनाशी, नीट बोल. नावं टिपू नकोस, खटल्याचा क्रमांक, आदेशाची तारीख आणि सुटकेची तारीख टीप. सुटकेचा रकाना रिकामा राहिला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन विचार. महिन्याने वही घेऊन घरी ये. मेल नको, मला स्क्रीनवर वाचवत नाही.

तुझा,
सर