तळघराचा जुना जिना फार उभा आहे, उतरताना डोकं आपटतं. तो सुरक्षित कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की घर जवळपास नव्वद वर्षांचं आहे, छत कडीपाटाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर (कड्यांवर) फळ्यांचं आहे, वयस्कर आई खाली जाते आणि सुतार म्हणतोय, "जिना थोडा झोपवून देतो." त्याला जरा थांबवा. मी वाईच्या आमच्या जुन्या घरात हेच करायला निघालो होतो.

आमच्या जिन्याच्या पायऱ्या सव्वाअकरा इंच उंच आणि पाऊल टेकायला सात इंच रुंद होत्या, म्हणजे जवळजवळ शिडीच. जिन्याचं तोंड, म्हणजे वरच्या जमिनीत सोडलेली मोकळी जागा, चार फूट लांब होतं. नवा जिना आठ इंच उंची आणि नऊ इंच रुंदीचा ठरवला. कागदावर जिन्याचा उभा छेद काढला तेव्हा लक्षात आलं की तोंड तेवढंच ठेवलं तर कडीखाली जेमतेम पावणेतीन फूट उरतात! जिना जितका झोपवाल तितकं डोकं आधी आपटतं. त्यामुळे खरं काम पायऱ्यांचं नव्हतंच, वरच्या तोंडाचं होतं. आमच्या मापाने तोंड नऊ इंच वाढवलं की डोक्यावर आठ इंच जास्त मिळत होते. शेवटी तोंड आठ फूट लांब केलं. आता शेवटची पायरी उतरून जमिनीवर पाय टेकल्यावरच कडी डोक्यावर येते, आणि तिथे साडेसहा फूट मिळतात. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) जिन्याखालच्या वाटेला २.२ मीटर म्हणते. जुन्या तळघरात ते बहुधा जमत नाही, आमच्याकडेही जमलं नाही.

तोंड वाढवण्याआधी कड्या कुठल्या दिशेने आहेत ते बघा. आमच्या कड्या जिन्याला समांतर होत्या. त्यामुळे मधली एकच कडी कापून तिचं टोक शेजारच्या दोन कड्यांमध्ये बसवलेल्या आडव्या कडीवर टेकवलं. कड्या जिन्याला आडव्या असतील तर तीन-चार कापाव्या लागतात. तेव्हा सुताराच्या अंदाजावर जाऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आणि "तळघराची जमीन फूटभर खणू" असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. जुन्या दगडी भिंतींचा पाया किती खोल आहे हे खणेपर्यंत कुणालाच कळत नसतं.

माप घेताना माझी चूक झाली, ती तुम्ही करू नका. मी खालच्या मातीच्या जमिनीपासून ९० इंच मोजले आणि अकरा भाग केले. जिना बसला, मग कोटा फरशी बसवली, मसाल्यासकट दोन इंच. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन इंच बुटकी झाली. दिसायला काहीच नाही, पण पाय वरच्या पायऱ्यांची सवय धरूनच खाली येतो. माझी बहीण हातात ताट घेऊन उतरत होती, तिथेच अडखळली. पायऱ्या ज्यांच्यावर बसतात त्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या पाट्या फेकून पुन्हा ८८ इंचांचे अकरा भाग केले. अमेरिकेतल्या निवासी संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या पायरीत ३/८ इंचाहून जास्त फरक चालत नाही. आधी मला हा काटेकोरपणा हास्यास्पद वाटायचा.

उंची आठ इंच ही आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या १९० मिलिमीटरपेक्षा थोडी जास्तच आहे, पण मला तेवढंच शक्य होतं. प्रत्येक फळी पुढे एक इंच बाहेर काढली, त्यामुळे पाऊल टेकायला दहा इंच मिळतात. तुमच्याकडे जिना पसरायला साडेसात फूट सरळ नसतील तर काटकोनात वळवा आणि मध्ये सपाट चौक ठेवा. त्रिकोणी पायऱ्या मात्र नकोत, वळणाच्या आतल्या बाजूला त्या अगदी चिंचोळ्या होतात.

आईसाठी कठडा मुठीत मावणारा गोल हवा, दीड-दोन इंचांचा. रुंद सजावटीची पट्टी कामाची नाही. तो शेवटच्या पायरीच्या पुढे वीतभर न्या, म्हणजे अंधारातही हाताला कळतं की जिना संपला. दिव्याला वर-खाली दोन्हीकडे स्विच द्या. वरचं दार जिन्याकडे उघडत असेल तर उलट फिरवून घ्या.

पाट्यांची खालची टोकं थेट जमिनीवर टेकवू नका. पावसाळ्यात आमच्या तळघरात ओल इतकी चढते की जुन्या जिन्याची टोकं बोटाने कुसकरत होती. मी खाली दगडाचे ठोकळे ठेवलेत. दुसरा पावसाळा झाला, अजून तरी लाकूड कोरडं आहे.