निवृत्त आईवडिलांचा फोन आणि टॅबलेट : व्हॉट्सॲप-यूट्यूबपलीकडची कामे

आपल्या प्रश्नातून मला समजले ते असे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना कमी ऐकू येते. आईची नजर अधू झाली आहे. दोघेही सातारा जिल्ह्यातील गावी राहून थोडी शेती पाहतात. आपण त्यांना नवा स्मार्टफोन आणि आपला जुना टॅबलेट दिला, परंतु दोन्हींवर व्हॉट्सॲप आणि यूट्यूबखेरीज काहीच चालत नाही; तेव्हा रोजच्या उपयोगाची कोणती ॲप घालून द्यावीत, असे आपण विचारले आहे.

आमच्या भागातील अनेक ज्येष्ठांना फोन लावून देण्याचे काम मी करतो आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, ॲपची यादी करण्याआधी हेलपाट्यांची यादी करावी. आईवडिलांना वर्षभरात कोणत्या कामासाठी बँकेत, तलाठी कार्यालयात, तालुक्याला किंवा स्टेशनवर जावे लागते आणि घरातल्या घरात कोणत्या गोष्टीसाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागते, हे त्यांनाच विचारावे. जे ॲप त्यातील एखादा हेलपाटा वाचवते तेच टिकते. बाकीची महिन्याभरात विसरली जातात आणि फोनची जागा तेवढी अडवून बसतात.

वडिलांच्या बाबतीत पहिला हेलपाटा नोव्हेंबरातील हयातीच्या दाखल्याचा असणार. ‘जीवन प्रमाण’ या ॲपद्वारे हा दाखला चेहऱ्याच्या ओळखीवर घरबसल्या देता येतो; ही सोय नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध आहे. त्यासाठी चेहरा आधारशी पडताळणारे ‘आधार फेसआरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन्ही ॲप फोनमध्ये असावी लागतात. आधी ‘ऑपरेटर’ म्हणून एका व्यक्तीची आधारद्वारे नोंद होते. ती व्यक्ती आपण असू शकता किंवा स्वतः वडीलही. त्यानंतर पेन्शनधारकाचा आधार क्रमांक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा क्रमांक, बँक खाते आणि पेन्शन देणारी यंत्रणा ही माहिती भरून चेहरा टिपला की प्रमाण क्रमांक एसएमएसने येतो. अडचण बहुधा ॲपची नसते. आधारवरील नाव आणि पेन्शनच्या कागदावरील नाव जुळत नसेल, तर दाखला पुढे नाकारला जाऊ शकतो. म्हणून ही जुळणी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर करण्यापेक्षा आधीच करून घ्यावी. चेहरा टिपताना खिडकीकडे पाठ करून बसू नये, उजेड समोरून यावा. वडिलांचे वय ऐंशीच्या पुढे असेल तर त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो.

दुसरे काम शेतीचे. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातील पिकाची ॲपवरून करायची नोंद, २०२१ च्या ऑगस्टपासून राज्यभर सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्याचे काम खातेदाराच्या हाती आले. खाते किंवा गट निवडून हंगाम, पीक आणि क्षेत्र भरायचे आणि शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे, अशी ही रीत आहे. विहीर, बोअरवेल, बांधावरची झाडे आणि पड जमीनही यात नोंदवता येते. ‘सोयाबीन आमच्या रानात आहे हे साऱ्या गावाला माहीत आहे, मग नोंद कशाला?’ असे म्हणणारे शेतकरी मला दरवर्षी भेटतात. परंतु अतिवृष्टीची नुकसानभरपाई, पीक विमा आणि हमीभावाने होणारी खरेदी या तिन्ही ठिकाणी सातबाऱ्यावर काय लिहिले आहे हेच पाहिले जाते. नोंदीची मुदत हंगामागणिक जाहीर होते आणि अनेकदा वाढवलीही जाते. त्या वाढीवर विसंबू नये, कारण शेवटच्या दिवसांत सर्व्हर कासवगतीने चालतो. हे काम फोननेच करावे. केवळ वायफायवर चालणाऱ्या बऱ्याच टॅबलेटमध्ये जीपीएस नसते आणि शेताचे स्थान कळल्याखेरीज ही नोंद होत नाही.

शेतीचाच विषय निघाला आहे तर ‘दामिनी’ हे ॲपही त्याच वेळी घालून द्यावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, ते तयार केले आहे आणि आपल्या स्थानापासून २० ते ४० किलोमीटरच्या परिघात वीज कडाडत असल्यास ते इशारा देते. वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात दुपारनंतर रानात असणाऱ्या माणसाला याचे मोल सांगावे लागत नाही. मात्र फोनमधील लोकेशन आणि या ॲपच्या सूचना दोन्ही चालू ठेवाव्या लागतात. बॅटरी वाचवण्यासाठी लोकेशन बंद करण्याची सवय वडिलांना असेल, तर ॲप असून नसल्यासारखेच.

सातबाऱ्यासाठी मात्र ॲप शोधूच नये, असे मी सांगेन. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्याच्या महसूल खात्याच्या ‘महाभूमी’ या अधिकृत संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि त्यावर वेगळा सही-शिक्का घ्यावा लागत नाही. प्ले स्टोअरवर ‘सातबारा’ असे लिहून शोधले तर खासगी मंडळींनी केलेली, जाहिरातींनी भरलेली ॲप दिसतात. त्यांना आपला मोबाइल क्रमांक आणि गट क्रमांक देण्याचे काहीच कारण नाही. संकेतस्थळाचा शॉर्टकट मुख्य पडद्यावर ठेवून दिला की वडिलांच्या लेखी तेही ॲपच ठरते.

कागदपत्रांसाठी डिजिलॉकर हे सरकारी ॲप पुरेसे आहे, परंतु त्यातील एक फरक नीट समजावून द्यावा लागतो. संबंधित खात्याकडून थेट आलेली कागदपत्रे, उदाहरणार्थ वाहन परवाना, गाडीचे नोंदणीपत्र किंवा पॅन, नियमाने मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जातात. आपण स्वतः फोटो काढून चढवलेला कागद मात्र केवळ प्रत असतो. वाहतूक पोलिसाने अडवल्यावर गॅलरीतील फोटो दाखवून वाद घालणारे बहुतेक जण याच ठिकाणी फसतात. जुनी खरेदीखते, फेरफार, दवाखान्याचे कागद यांसाठी गूगल ड्राइव्हमधील स्कॅनची सोय वापरावी. ती कागदाच्या कडा कापून सरळ पीडीएफ तयार करते आणि तोच फोल्डर आपल्याशी शेअर केला की पुण्या-मुंबईत बसूनही आपल्याला हवा तो कागद सापडतो.

प्रवासाबद्दल थोडक्यात लिहितो. सातारा स्टेशन शहराबाहेर माहुलीच्या बाजूला असल्यामुळे गाडी उशिरा आहे हे तिथे पोहोचल्यावर कळणे फार त्रासाचे होते. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप गाडीत बसलेल्या माणसाला इंटरनेट नसतानाही मोबाइल टॉवरच्या आधारे गाडी कुठे पोहोचली ते दाखवते. घरी बसून कोयना किंवा महालक्ष्मी एक्सप्रेसचा ठावठिकाणा पाहायचा असेल तर मात्र इंटरनेट लागते. तिकिटांसाठी रेल्वेने जुलै २०२५ मध्ये ‘रेलवन’ हे ॲप आणले असून आरक्षित, अनारक्षित आणि फलाट तिकीट त्यात एकत्र मिळते. अनारक्षित पेपरलेस तिकीट तपासनिसाला ॲपमध्येच दाखवावे लागते. मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला स्क्रीनशॉट चालत नाही.

आता आईविषयी. बाहेरचे कोणतेही ॲप घालण्याआधी फोनच्या सेटिंगमधील ॲक्सेसिबिलिटी हा भाग उघडावा. अक्षरांचा आकार वाढवणे, पडद्यावर विशिष्ट प्रकारे टिचकी मारून तो भाग मोठा करून पाहणे आणि पडद्यावरील मजकूर वाचून घेणे या सोयी बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये मुळातच असतात. घरातल्या तरुण मंडळींना त्यांची गरज नसते म्हणून त्या कोणी उघडतच नाही. गोळ्यांच्या पाकिटावरील बारीक नाव आणि मुदतीची तारीख वाचण्यासाठी कॅमेऱ्यातून फोटो काढून तो मोठा करणे हा उपाय मला कॅमेऱ्यातून मजकूर ओळखणाऱ्या गूगल लेन्सपेक्षाही सोपा वाटतो, कारण चकाकणाऱ्या पाकिटावर लेन्स कधीकधी अक्षरे चुकीची ओळखते आणि औषधाच्या बाबतीत तसा धोका पत्करू नये. गोळ्यांच्या आठवणीसाठीही वेगळे ॲप लागत नाही. घड्याळाच्या गजराला ‘जेवणाआधीची गोळी’ असे नाव देता येते आणि एरवी फोन मूक ठेवला तरी गजर सहसा वाजतो. नोटा ओळखणे अवघड जात असेल तर रिझर्व्ह बँकेचे ‘मनी’ हे ॲप आहे. ते १ जानेवारी २०२० रोजी आले, इंटरनेटशिवाय चालते आणि कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची आहे ते बोलून सांगते. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही, एवढे आईंना स्पष्ट करावे.

वडिलांसाठी गूगलचे ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ मी आग्रहाने सुचवेन. समोरचा माणूस बोलत असताना त्याचे शब्द पडद्यावर उमटत जातात आणि मराठीतही हे चालते. चार माणसे एकदम बोलू लागली किंवा बोलणारा दूर असला की ते गडबडते. परंतु डॉक्टरांसमोर टेबलावर टॅबलेट उभा ठेवला तर ‘काय म्हणाले?’ असे दर वाक्याला शेजारच्याला विचारावे लागत नाही, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हा संकोचच अधिक जाचतो. इथे टॅबलेटचा मोठा पडदा फोनपेक्षा निश्चित सरस ठरतो. फक्त त्याला फोनच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट द्यावे.

यावरून दोन उपकरणांची वाटणी कशी करावी हेही स्पष्ट होते. पैशाची आणि ओटीपीची सर्व कामे फोनवर ठेवावीत. यूपीआयची नोंदणी सिमकार्डाशी बांधलेली असते, त्यामुळे बिनसिमच्या टॅबलेटवर ती होतही नाही. शिवाय जुन्या टॅबलेटला सुरक्षेचे नवे अपडेट मिळणे थांबलेले असण्याची शक्यता असल्याने त्यावर बँकेचे ॲप नसलेलेच बरे. टॅबलेट वाचण्यासाठी, पाहण्यासाठी आणि ऐकण्यासाठी ठेवावा. नातवंडे सुट्टीत आली तर बालभारतीची पाठ्यपुस्तके ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात. आई भजनी मंडळात गात असतील तर तानपुऱ्याचे एखादे ॲप घालून त्यांची नेहमीची पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, काळी चार असो की काळी पाच, एकदा लावून द्यावी. माझ्या पाहण्यात टॅबलेटचा सर्वांत नियमित वापर ज्या घरांत होतो, त्यांतील बऱ्याच घरांत तो रियाजाच्या वेळीच होतो. टॅबलेट भिंतीशी टेकवून चोवीस तास चार्जरला जोडून ठेवण्याची पद्धत मात्र मोडावी. त्याने जुनी बॅटरी फुगते.

शेवटी सुरक्षेचे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही, हे दोघांनाही पुन्हा पुन्हा सांगावे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा सरकारी योजनेचा अर्ज म्हणून आलेल्या फाइलच्या नावाअखेरीस ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, ते ॲप असते आणि ते उघडून बसवले की फोनमधील एसएमएस परक्याच्या हाती जाऊ शकतात. यावर उपाय म्हणून सेटिंगमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवण्याची परवानगी बंद ठेवावी. व्हॉट्सॲपसाठी ती स्वतंत्रपणे तपासावी लागते. पैसे गेलेच तर मुलाला फोन करून काय झाले ते सांगत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायची; हा क्रमांक संपर्क यादीत ‘फसवणूक तक्रार’ अशा मराठी नावाने साठवून द्यावा.

फोन हरवला तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरून तो कोणत्याही सिमवर चालणार नाही असा बंद करवता येतो. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत आणि आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लागतो. फोनवर *#०६# दाबले की हा क्रमांक दिसतो; तो आजच आपल्या वहीत उतरवून ठेवावा, कारण फोन हरवल्यानंतर तो फोनवर पाहता येत नाही आणि खरेदीची पावती किंवा खोका बहुतेक घरांत सापडत नाही.