काळा शराटी की मोर शराटी: काळवंडलेला फोटो उजळताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उजनी धरणाच्या काठच्या कुंभारगावहून सकाळी नावेतून काढलेले चार फोटो, सूर्य समोर, पक्षी कोळशासारखा. मोबाइलवर ब्राइटनेस पार शेवटपर्यंत नेला तर आकाश पांढरंफटक झालं, पक्षी मात्र होता तसाच. लांब, बाकदार चोचीच्या शराटींपैकी हा काळा शराटी की मोर शराटी?

आधी उत्तर देऊन टाकतो. काळा शराटी आहे, पूर्ण वाढ झालेला. आता तिथवर कसा पोचलो ते सांगतो, कारण उजनीच्या पाण्यावर हा घोळ सगळ्यांचाच होतो. दोन्ही शराटी तिथे दिसतात आणि उन्हाविरुद्ध दोन्ही सारखेच काळे.

कॅमेऱ्याने फ्रेममधला एकूण उजेड मोजला. तीन चतुर्थांश फ्रेम चकाकतं पाणी आणि आकाश, म्हणून त्याने सगळंच खाली ओढलं आणि पक्षी अंधारात गेला. ब्राइटनेसचा स्लायडर उजळ आणि गडद भाग एकदमच वर ढकलतो. आकाश आधीच टोकाला होतं, ते लगेच जळलं. तुम्हाला फक्त गडद भाग उचलायचाय, म्हणून ‘शॅडोज’ (फक्त गडद भाग उजळणारा स्लायडर) किंवा ‘कर्व्ह’ (उजेडाची रेघ हवी तिथेच वर ओढायची सोय) वापरा. मोबाइलवर स्नॅपसीड या अ‍ॅपमध्ये दोन्ही आहेत. संगणकावर डार्कटेबल फुकट मिळतं. आणि आधी क्रॉप करा, म्हणजे आकाशाची चिंताच उरत नाही.

व्हॉट्सॅपवरून फिरून आलेला फोटो मात्र मी उजळत बसत नाही. त्यात गडद भागाचे बारकावे आधीच दाबून टाकलेले असतात. उचलले की चौकोनी ठोकळे वर येतात आणि लोक त्यांनाच पिसांवरचे पट्टे समजतात. तुम्ही रॉ फाइल (कॅमेऱ्याने न दाबलेली मूळ नोंद) दिलीत म्हणून एवढं तरी काढता आलं. तरी तिथेही मर्यादा असतेच. १४ बिटच्या फाइलमध्ये उजेडाच्या एकूण १६,३८४ पायऱ्या असतात, त्यातल्या निम्म्या सर्वांत उजळ स्टॉपमध्येच खर्च होतात (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). पुढच्या प्रत्येक स्टॉपला उरलेल्याच्या निम्म्या. पाचव्या स्टॉपपर्यंत खाली गेलं की ५१२ राहतात. काळ्या पक्ष्याची पिसं तिथेच कुठेतरी असतात, म्हणून फार ओढलं की दाणे आणि जांभळट झाक येते.

स्लायडरला हात लावण्याआधी आपण काय शोधतोय ते ठरवलेलं असावं. इथे तीन गोष्टी होत्या: खांद्यावरचा पांढरा डाग, डोक्यामागची लाल खरबरीत कातडी, पायांचा लालसरपणा. हे सगळं काळ्या शराटीचं. मोर शराटीचं अंग गडद तांबूस, पंखांवर हिरवट चमक, आणि विणीचा हंगाम नसताना डोक्या-मानेवर बारीक पांढुरक्या रेघा.

रंगावर सहसा विश्वास ठेवू नका. ही शिकवण मला महागात पडली आहे. एकदा डिसेंबरात ताम्हिणीत तारेवर बसलेला कोतवाल उन्हाविरुद्ध टिपला, घरी येऊन मनसोक्त उजळला, तो छान राखाडी दिसायला लागला. झालं, राखी कोतवाल म्हणून नोंद केली, गटात मिरवलंही. दोन दिवसांनी बरोबरच्या मित्राने बाजूने ऊन पडलेला त्याच पक्ष्याचा फोटो पाठवला, त्यात चोचीच्या मुळाशी साध्या कोतवालाचा पांढरा ठिपका लख्ख. काळा पक्षी उजळला की राखाडीच दिसणार, हे तेव्हा सुचलं नाही. राखी कोतवालाचा लालभडक डोळा आधी शोधायला हवा होता.

तेव्हापासून मी फ्रेममध्ये ओळखीचा रंग शोधतो. तुमच्या दुसऱ्या फोटोत मागे दोन चांदवे पोहतायत (काही जण त्यांना वारकरी म्हणतात). ते काळे असतात हे आपल्याला पक्कं माहीत आहे. उजळल्यावर चांदवे जेवढे राखाडी झाले तेवढाच तुमचा शराटीही झाला. मोर शराटी असता तर चांदव्यांच्या तुलनेत अंगावर तांबूसपणा उतरायला हवा होता. तो नाही.

आता खांद्यावरचा डाग. दुसऱ्या फोटोत तो दिसल्यावर मी लगेच खूश झालो नाही, कारण मोर शराटीच्या चमकदार पंखावर ऊन पडलं की तिथेही पांढरा तुकडा उमटतो. म्हणून तिसरा फोटो पाहिला. पक्षी थोडा वळलाय, पंखाचा कोन बदललाय, तरी डाग त्याच जागी. चकाकी असती तर सरकली असती. एकाच क्षणाचे चार-पाच फोटो ठेवण्याचा हा फायदा. आपण त्यातला ‘चांगला’ एक ठेवून बाकीचे उडवतो.

डोक्याच्या लालसाठी फोटोचे लाल आणि निळे चॅनल (त्या-त्या रंगाचा उजेड दाखवणाऱ्या करड्या प्रती) वेगळे करून शेजारी ठेवले. लाल चॅनलमध्ये मानेमागचा पट्टा उजळ, निळ्यात काळाच. म्हणजे तो खरोखर लाल आहे. (पिल्लाला हा लाल भाग नसतो, म्हणून तो दिसला नाही एवढ्यावरून काळा शराटी बाद करू नका.)

‘एआयने फोटो सुधारा’वाली बटणं ओळखीसाठी अजिबात वापरू नका. ती नसलेली पिसं काढून देतात, आणि इतकी सुबक की आपण फसतो. नॉइज कमी करण्याचा स्लायडरही बेताने. खरे बारीक पट्टे आधी तोच पुसतो.

आणि थोडी गंमत. चौथा फोटो, उडतानाचा, मी उजळलाच नाही. निव्वळ काळी आकृती. मोर शराटी उडताना पाय शेपटीच्या पलीकडे स्पष्ट बाहेर येतात. तुमच्या पक्ष्याचे आलेले नाहीत, अंगही भारदस्त आहे. मी अर्धा तास स्लायडर हलवत बसलो होतो तेव्हा उत्तर त्या न उजळलेल्या फोटोत होतं.

ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकताना मूळ आणि उजळलेला, दोन्ही टाका आणि कोणता उजळलाय ते लिहा. पुढच्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड वाढवण्या-कमी करण्याची सोय) +१ वर ठेवून सुरुवात करा, आकाश जळलं तर जळू द्या. त्याहून सोपं म्हणजे नावाड्याला निघतानाच सांगा, ‘दादा, ऊन पाठीवर राहील असं घ्या.’ तिथल्या नावाड्यांना हे बरोबर कळतं, फक्त आपण मागायला हवं.