सशाच्या पिंजऱ्याला खाली जाळी चालते का? (सांगली, घरचे दोन ससे)

पूर्ण तळ जाळीचा नको. अर्धा तरी सपाट ठेवा. कुत्र्या-मांजराच्या पंजाला गादी असते, सशाच्या पायाला नुसती लव. तारेवर दिवसरात्र बसून ती झिजते, मागच्या टाचेला आधी रुपयाएवढं टक्कल पडतं, मग लाल होऊन जखम चिघळते. सशांचे पिंजरे आम्हीच बनवतो, दुरुस्तीला येणाऱ्या पिंजऱ्यांत हे नेहमी दिसतं. जड जातींना, म्हणजे न्यूझीलंड व्हाइट वगैरे चार-पाच किलोंच्या सशांना, जास्त. रेक्स जातीची लव मुळातच आखूड, त्यामुळे त्यालाही.

फार्मवाले जाळी वापरतात ते लेंड्या आणि मूत खाली पडावं, कॉक्सिडिया (लेंड्यांतून पसरणारा पोटातला परजीवी) कमी व्हावा म्हणून. तो फायदा खराच आहे. तेव्हा जाळी घ्यायचीच तर १४ गेजची, अर्धा बाय एक इंच भोकाची वेल्डेड घ्या. कोंबड्यांची षटकोनी जाळी अजिबात नको, ती झोळीसारखी लोंबते आणि नख अडकतं. वर ससा पाय पसरून झोपेल एवढी फळी टाका, ओली झाली की बदला. एप्रिल-मेमध्ये फळीऐवजी शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, गार म्हणून तो आपणहून त्यावर जाऊन पडतो. गोणपाट मात्र नको, दोरे कुरतडून गिळतात.

टाच आधीच सोललेली असेल तर नुसती फळी टाकून भागणार नाही, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.